काकूंनी काय खाल्लं?

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून वाकून आत गेलं की जी लांबट खोली लागते, तिथे काकू कँटीन चालवायच्या. ते कार्यालय गावाला पाणी पुरवतं की नाही हा वादाचा मुद्दा होता, पण काकू कार्यालयाला चहा पुरवतात याबद्दल दुमत नव्हतं. दोन शेगड्या, कडा चेपलेलं एक मोठं पातेलं, सहा बाकडी आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. पाटीखाली बसूनच काकू सगळ्यांशी भांडायच्या. चहा परत पाठवणाऱ्याशी, भाजीत मीठ कमी म्हणणाऱ्याशी, आणि विशेषकरून हेडक्लार्कशी. त्याला रोज ऑम्लेट हवं असायचं आणि रोज ते कालच्यापेक्षा वेगळं लागायचं. हे भांडण दोघांनाही चांगलं मानवलं होतं.

काकू स्वतः काय खायच्या, हा प्रश्न त्या काळात कुणाच्या मनाला शिवला नव्हता. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं पोट वासानेच भरतं अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. पातेल्याच्या तळाशी उरलेला भात, पावाच्या कडा, मोडलेली अंडी, आणि दिवसभर भरपूर साखरेचा चहा, तोही उभ्याने. घरी गेल्यावर नवऱ्याला वाढायचं आणि त्याचं झालं की कट्ट्याला टेकून दोन घास गिळायचे. असं तीसेक वर्षं चाललं. कुणी म्हणालं नाही, "काकू, जरा बसून खा." पुढे मात्र एक वेळ अशी आली की काकूंच्या पोटात कधी, काय आणि किती गेलं याची चौकशी ओळखीतला प्रत्येक माणूस करू लागला. आजारी पडण्याचा हा एक फायदाच म्हणायचा.

सुरुवात दुधापासून झाली. एके दिवशी चहा फाटला आणि काकूंनी तो तसाच दिला. हेडक्लार्कने एक घोट घेतला आणि तोंड असं केलं जणू कुणी त्याची बदली केली आहे.

"काकू, दूध नासलंय."

"सकाळचं ताजं दूध आहे, साहेब. तुमची जीभ नासलीये."

पण बाकड्यावरच्या दहा जिभा एकदम नासत नाहीत. काकूंनी दूधवाला बदलला. मग भात करपला आणि करपलेलाच ताटात गेला. काकूंनी शेगडीला शिव्या दिल्या. मग भाजी एक दिवस मिळमिळीत, तर दुसऱ्या दिवशी मसाल्याने उग्र झालेली. काकूंना स्वतःला ती दोन्ही दिवस सारखीच लागायची, म्हणजे कशीच लागायची नाही. मसाल्यात भेसळ वाढली आहे असं त्यांचं मत झालं. भेसळीवर खापर फोडायला आपल्याकडे पुरावा लागत नाही.

वर्षभरात कार्यालयाने निकाल दिला: काकूंचा हात गेला. हे पाठीमागे बोललं जायचं, पण सरकारी इमारतींच्या भिंती पातळ असतात. चार टेबलं घरून डबा आणू लागली. काकूंनी एकदा जिन्यात उभं राहून ते शब्द स्वतःच्या कानांनी ऐकले आणि परत येऊन पातेलं घासत बसल्या. ते आधीच घासलेलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती, पण तिची तक्रार कुणी केली नाही. काकू भांडेनाशा झाल्या. हेडक्लार्क ऑम्लेट परत पाठवायचा, काकू ते मुकाट्याने उचलायच्या. लोक म्हणाले, वयाने माणूस निवळतो. घरीही तेच. काकूंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावलं की परक्याच्या घड्याळातला केसाएवढा बिघाडही त्याला दिसायचा, पण घरात समोर बसलेली बायको दिवसेंदिवस मंद पडत चालली आहे हे दिसलं नाही. उलट त्याला वाटलं, संसार अखेर सुखाचा झाला. डोकं दुखतं म्हणाल्या तेव्हा त्यानेच औषधाच्या दुकानातून गोळी आणून दिली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने अॅसिडिटी ठरवली. त्या डॉक्टरकडे पाय मुरगळून गेलं तरी अॅसिडिटीच निघायची.

मग ती सकाळ आली. काकू नेहमीप्रमाणे कँटीनमध्ये आल्या, पदर खोचला, पातेल्यात पाणी घेतलं आणि लायटर हातात घेतला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा म्हातारा शिपाई जिन्यातूनच ओरडत आला, "काकू! हात खाली! हात खाली!" त्याने लायटर हिसकावून घेतला, सिलिंडर बंद केला आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. एक खिडकी इतकी वर्षं उघडलीच नव्हती, तिची काच फुटली. नळी रात्रभर गळत होती. खोलीत गॅस असा भरला होता की शिपायाला मळमळायला लागलं.

"काकू, अहो एवढा वास येतोय, आणि तुम्ही पेटवायला निघालात?"

काकूंनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि विचारलं, "कसला वास?"

कार्यालयाने या प्रकाराची तातडीने दखल घेतली, म्हणजे फुटलेली काच कुणाच्या खात्यातून बसवायची यावर एक बैठक घेतली. शिपाई मात्र तडक घड्याळाच्या दुकानात गेला आणि काकूंच्या नवऱ्याला म्हणाला, "दादा, बायको जिवंत आहे तोवर तिला कुणा बऱ्या डॉक्टरला दाखवा." नवऱ्याने डोळ्याचं भिंग काढलं. बऱ्याच दिवसांनी त्याने काकूंकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरने काकूंना डोळे मिटायला सांगितलं आणि एक डबी नाकाशी धरली.

"काय आहे यात?"

"रिकामी आहे," काकू म्हणाल्या.

डबीत कॉफी होती. डॉक्टरने झाकण लावलं आणि डोक्याचा स्कॅन लिहून दिला.

स्कॅनमध्ये गाठ निघाली. नाकाच्या वर, कपाळाच्या मागे, मेंदूच्या खालच्या अंगाला. "मोठ्या लिंबाएवढी," डॉक्टर म्हणाला. डॉक्टर लोक एवढं शिकतात, एवढी यंत्रं आणतात, पण गाठ मोजायची वेळ आली की भाजीबाजारातच जातात. वाटाणा, लिंबू, संत्रं. मग लोकांनी गाठीचा संबंध खाण्याशी लावला तर त्यांना दोष कसा द्यायचा?

बातमी फुटली आणि घरी माणसांची रीघ लागली. येणारा आधी चप्पल काढायचा, मग चेहरा पाडायचा आणि पाणी पिऊन झालं की मुद्द्यावर यायचा, "काय खाण्यात आलं होतं हो?" जणू गाठ बाहेरून कुणीतरी पानात वाढली होती आणि काकूंनी ती न बघता गिळली होती.

शेजारीण म्हणाली शिळं. शिळा भात सरळ मेंदूत जातो असं तिने कुठेतरी ऐकलं होतं; तो पोट चुकवून कसा जातो हे तिने ऐकलं नव्हतं. ती स्वतः शिळं खात नव्हती. नवऱ्याच्या मित्राने अंड्यांवर बोट ठेवलं, तो अंडी खात नव्हता. हेडक्लार्क फळं घेऊन आला. त्याच्या मते हे सगळं लोणच्यामुळे झालं, कारण लोणच्याने त्याला स्वतःला खोकला होतो. काकूंनी हळूहळू एक गोष्ट ताडली: स्वतः आवडीने खात असलेल्या पदार्थाने हे झालं, असं सांगणारा एकही माणूस आला नाही. प्रत्येकजण आपलं ताट साफ पुसून, निर्दोष ठरवून घरी जात होता. काकूंनी अमुक खाल्लं म्हणून झालं, आपण खात नाही म्हणून होणार नाही, हिशोब मिटला. समाचाराला येऊन माणसं स्वतःचाच समाचार घेऊन जात होती, आणि जाताना निवांत दिसत होती.

फळं ठेवून झाल्यावर हेडक्लार्क मात्र उठेना. शेवटी खाली बघत म्हणाला, "काकू, एक विचारू? मी गेली अठरा वर्षं तुमच्या हातचं खातोय. म्हणजे... जे तुमच्या पोटात गेलं, तेच माझ्याही."

"मग?"

"म्हणजे, मलाही..."

कार्यालयात या विषयावर गुप्त चर्चा चालू होती असं नंतर कळलं. लेखा विभागातल्या एकाने काकूंचा चहा प्यायलेल्या सगळ्यांच्या डोक्याचा स्कॅन कार्यालयाच्या खर्चाने व्हावा असं तोंडी सुचवलंही होतं. एरवी काकूंनी हेडक्लार्कला असं झाडलं असतं की त्याला स्कॅनची गरजच उरली नसती. पण त्या नुसतं म्हणाल्या, "नाही होणार, साहेब." तो फार बरं वाटून गेला.

या सगळ्यांवर कडी केली ती वन्संनी. वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. तिने शनिवार-रविवारचा आहाराचा अभ्यासक्रम केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र स्वतःच्या दिवाणखान्यात, घड्याळाच्या जागी लावलं होतं. भाऊ घड्याळजी असताना घड्याळ काढायचं म्हणजे काय धाडस! ती दोन पिशव्या घेऊन राहायला आली.

"वहिनी, तुम्ही काळजीच करू नका. गाठ साखरेवर जगते. आपण तिला उपाशी मारू."

तिने स्वयंपाकघराची झडती घेतली. साखर गेली, लोणचं गेलं, तेलाचा डबा गेला, पाव गेला, चहाची भुकटीही गेली. हे सगळं शेजारणीकडे गेलं. तिने ते विष आनंदाने ठेवून घेतलं. उरल्या पालेभाज्या. त्यांचा वन्सं सकाळ-संध्याकाळ रस काढायची. तो रस ती स्वतः प्यायची तेव्हा नाक दाबायची. काकूंना नाक दाबायची गरज नव्हती. त्या तो पाण्यासारखा पिऊन पेला खाली ठेवायच्या.

"बघ दादा," वन्सं भावाला म्हणायची, "वहिनींच्या शरीराने स्वीकारलाय तो."

नवरा बापडा मान डोलवायचा. त्यालाही रस मिळत होता.

या धामधुमीत काकूंना काय वाटत होतं हे कुणी विचारलं नाही, कारण वाटणं हे खाण्यात मोडत नाही. त्यांना मरणाची भीती वाटत होती. पण तीही कुणी भिंतीपलीकडे बोलावं तशी, अस्पष्ट. त्याहून स्पष्ट एक गोष्ट होती. रात्री आडवं पडलं की त्या आपले घास आठवायच्या. ते उभ्याने खाल्लेले भाताचे गोळे, तो कपामागून कप चहा. एवढी माणसं म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच. आपणच आपल्या डोक्यात ही वाढवली. आयुष्यभर दुसऱ्यांना जेवू घातलं आणि स्वतःला मात्र गाठ घातली. नवऱ्याला हे सांगावंसं वाटायचं, पण तो पालेभाजीच्या रसाने अर्धमेला होऊन झोपलेला असायचा.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे तिघं गेली. वन्संनी सोबत प्रश्न आणले होते, आणि उत्तरंही.

"डॉक्टर, हे खाण्यापिण्यामुळेच झालं ना? साखर, खारवलेलं, तळलेलं?"

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनवरून नजर वळवली. "अभ्यास झालेत. कुणाला खारवलेल्या मांसात थोडाफार संबंध दिसला, तर दुसऱ्यांना दिसला नाही. तेही वेगळ्या प्रकारच्या गाठींबद्दल. बोट ठेवून सांगावं असं काही हाती नाही. यांची गाठ मेंदूच्या आवरणाची आहे, बहुतेक साधी. अशी गाठ का होते, हे बहुतेकांच्या बाबतीत आम्हाला सांगता येत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" वन्संच्या आवाजात प्रमाणपत्र खडखडलं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या शब्दाची त्यांना अजिबात लाज वाटली नाही. "बरं खावं, वजन आटोक्यात ठेवावं, ते सगळ्यांनीच. पण यांनी काही खाल्लं म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही."

वन्संनी प्रश्नांचा कागद घडी घालून पिशवीत टाकला. तिच्या दृष्टीने डॉक्टर नापास झाली होती. तेवढ्यात इतका वेळ भिंतीकडे बघत बसलेल्या काकू बोलल्या.

"बाई, ही किती जुनी असेल?"

"बरीच. फार हळू वाढते ही. काही वर्षं नक्की."

"दोन वर्षांपूर्वी होती?"

"हो, असणारच. वासाच्या नसांवरच बसली आहे. वास आधी गेला असेल. हळूहळू जातो, माणसाला कळतही नाही. आणि वास गेला की चवही गेलीच म्हणायची. खारट, गोड, आंबट, कडू तेवढं उरतं. मेंदूच्या पुढच्या भागावर दाब आला की स्वभावही थंड पडतो." त्यांनी काकूंच्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही स्वयंपाकाचं काम करता ना? मग कामात फरक पडला असेल."

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडायला लागल्या. गाठ आहे असं कळलं तेव्हा रडल्या नव्हत्या, म्हणून नवरा घाबरला. "अगं, बरी होशील, त्या म्हणतायत ना..."

"तसं नाही हो," काकू हुंदक्यातून म्हणाल्या. "माझा हात गेला नव्हता. अहो, माझा हात गेलाच नव्हता!"

खाण्याचा आणि गाठीचा संबंध सगळं गाव शोधत होतं, आणि तो होताही. फक्त उलटा होता. काकूंच्या खाण्याने गाठ आली नव्हती, गाठीने काकूंचं आणि अख्ख्या कार्यालयाचं खाणं खाल्लं होतं.

शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालली, पण नीट पार पडली. गाठ साधीच निघाली. काकूंचे पुढचे केस गेले होते, डोळे सुजले होते, आणि पहिले काही दिवस त्या कुणालाही नीट ओळखत नव्हत्या. शिपाई भेटायला आला तेव्हा त्याला त्यांनी दूधवाला समजून फैलावर घेतलं. नवरा बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बायको भांडत होती. चुकीच्या माणसाशी का होईना, पण भांडत होती.

वास मात्र परत यायचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगितलं होतं आणि नंतर पुन्हा सांगितलं. नसा गेल्या त्या गेल्या. "बाकी सगळं खा," त्या म्हणाल्या. वन्सं घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की गाठ साधी निघाली ती रसामुळे. वाईट निघाली असती तर ती अर्थातच आधीच्या साखरेमुळे. असं शास्त्र हाताशी असलं की माणूस कधी चुकत नाही.

तीन-चार महिन्यांनी काकू डोक्याला रुमाल बांधून कँटीनमध्ये परतल्या. गॅसची नळी नवी होती, खिडकी अजून पुठ्ठ्याने बंद होती. पहिल्याच सकाळी त्यांनी पातेल्यातलं दूध वाटीत काढलं आणि हेडक्लार्कला खाली बोलावलं.

"हुंगा."

"मी?"

"अठरा वर्षं नाकं मुरडलीत ना माझ्या स्वयंपाकाला? आता ते नाक कामाला लावा. दूध हुंगा. मग भाजीत मसाला पडला की परत या."

"काकू, मी हेडक्लार्क आहे."

"मग वरच्या पदावर घेतलंय असं समजा."

तो हुंगायला लागला. कुरकुरत का होईना, रोज खाली येऊ लागला. शिपायाला करपल्याचा वास लागला की तो जिन्यातून आरोळी द्यायचा. बाकी सगळं हाताच्या अंदाजाने, डोळ्यांनी, कढईच्या आवाजाने. जेवण पूर्वीसारखं होत नव्हतं. ते काकूंनाही माहीत होतं. पण डबे आणणारी चार टेबलं एकेक करून खाली उतरली. काही भुकेपोटी, काही लाजेपोटी.

स्वतः काकू आता दुपारी बाकड्यावर बसून जेवतात. चव फार कळत नाही, म्हणून कुरकुरीत आणि गरम असेल ते आवडतं. भाजलेल्या पावाची कड दाताखाली मोडली की त्यांना बरं वाटतं. मधूनच एखाद्या दिवशी त्या पातेल्यावर वाकतात, खोल श्वास घेतात आणि थोडा वेळ तशाच राहतात. कुणी काही विचारत नाही. मग त्या झाकण ठेवतात.

परवा ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या दिराच्या डोक्यात गाठ निघाली होती.

"काकू, तुम्ही यातून गेलात म्हणून विचारते. तुमच्या खाण्यात काय आलं होतं?"

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "भात, भाजी, पाव, चहा. सगळ्यांच्या येतं तेच. त्यांनी काय खाल्लं ते नका शोधू. आत्ता त्यांना काय खावंसं वाटतंय ते विचारा, आणि गरम गरम करून घाला. शेजारी बसा."

"हो, ते करूच. पण टाळायचं काय?"

"काही नाही."

पलीकडच्या बाई नाराज झाल्या. एवढी मोठी गाठ काढून आलेल्या बाईकडून लोकांची अपेक्षा जास्त असते. मग त्या बाई म्हणाल्या, "तुमच्या नणंदेचा नंबर मिळेल का?"

काकूंनी दिला.